‘ताई, मला खरी गोळी मिळतेय ना?’

एएलएस या आजारावरच्या एका नव्या औषधाची ट्रायल आमच्या केंद्रात झाली, तेव्हा मी तिथे समन्वयक होते. समन्वयक डॉक्टर नसतो. रुग्णाला फोन करायचे, संमतीपत्र त्याच्यासोबत वाचायचं, परत आलेल्या बाटल्यांतल्या गोळ्या मोजायच्या आणि आमच्या नोंदी तपासणारा मॉनिटर आला की त्याच्या प्रत्येक शंकेला कागद काढून दाखवायचा, हे माझं काम. ट्रायलमधला पक्षपात आणि नैतिकता यांवर बोलतात ते बहुधा संख्याशास्त्रज्ञ किंवा एथिक्स कमिटीतली मंडळी. माझ्या टेबलावरून तेच सगळं कसं दिसलं, ते सांगते.

एएलएसमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. आधी हाताची पकड जाते किंवा पाय अडखळतो, मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. विचारशक्ती बहुतेकांची शाबूत राहते. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांच्या हाती दोन ते पाच वर्षं असतात. रिलुझोल या औषधाचा उपयोग १९९४ मध्ये दिसून आला, पण त्याने आयुष्य वाढतं ते काही महिन्यांनी. त्यामुळे आमच्याकडे येणारा माणूस विज्ञानाची सेवा करायला येत नसे. त्याला औषध हवं असे.

ट्रायलची आखणी साधी होती. रिलुझोल सगळ्यांचं चालू राहणार. त्याच्या जोडीला निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या प्लॅसिबोच्या, म्हणजे आत औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळतंय ते रुग्णाला, डॉक्टरांना आणि मलाही माहीत नसणार. सहा महिन्यांनंतर ज्याला हवं त्याला नवं औषध मिळणार.

एथिक्स कमिटीसमोर फाइल गेली तेव्हा मी मागच्या खुर्चीत बसले होते. कमिटीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या एक बाई होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘जो माणूस दोन-तीन वर्षांत जाणार आहे, त्याला सहा महिने मुद्दाम पोकळ गोळी द्यायची?’’ आमच्या मुख्य संशोधकांनी त्यांना मिनोसायक्लिनची हकीकत सांगितली. हे जुनं प्रतिजैविक. एएलएसच्या उंदरांवर त्याचे निकाल चांगले आले होते आणि माणसांनाही ते द्यावं अशी आशा तयार झाली होती. मग ४१२ रुग्णांवर रीतसर ट्रायल झाली आणि २००७ मध्ये निकाल आला. मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची तब्येत प्लॅसिबोवाल्यांपेक्षा वेगाने घसरली होती. त्या ट्रायलमध्ये ज्यांच्या वाट्याला पोकळ गोळी आली, ते या नुकसानातून बचावले.

बाईंचं समाधान झालं नाही. ‘‘ते त्या औषधाचं. या औषधाबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’’

‘‘मला वाटतं, हे चालेल.’’

‘‘मग प्लॅसिबो देताना तुमचा हात कसा धजावतो?’’

माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. नीतितज्ज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ मध्ये त्याचं एक उत्तर दिलं होतं. एकट्या डॉक्टरला आतून काय वाटतं यावर ट्रायलची नैतिकता तोलायची नाही. त्या विषयातल्या जाणकारांमध्ये खरोखर दुमत आहे का, हे बघायचं. दुमत असेल तर कोणत्याही गटात गेलेल्या रुग्णावर जाणूनबुजून अन्याय होत नाही. आमच्या सरांनी हेच मांडलं आणि परवानगी मिळाली. पण डॉक्टरांची ती ‘चालेल’ची खात्री परवानगीनंतर कुठे विरून जात नाही. ती रोज ओपीडीत त्यांच्यासोबत येऊन बसते, आणि पुढचे सगळे महिने माझं निम्मं काम तिला कागदापासून लांब ठेवणं हेच होतं.

संमतीच्या बैठकीला मी पुरेसा वेळ काढून ठेवायचे, घाई करायचे नाही. संमतीपत्र लांबलचक असतं, बरंचसं वकिली भाषेत. वाचून झाल्यावर मी रुग्णाला म्हणायचे, ‘‘आता हे तुम्ही मला समजावून सांगा.’’ एका निवृत्त शिक्षकांनी सगळं अचूक सांगितलं: गट दोन, निवड संगणक करणार, कधीही बाहेर पडता येणार. आणि शेवटी म्हणाले, ‘‘पण माझी केस बघून डॉक्टर मला योग्य तेच देतील.’’ मुद्दे पाठ, आणि त्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र निसटलेली. हा गैरसमज जगभरच्या ट्रायलमध्ये दिसतो आणि १९८२ पासून तज्ज्ञ त्यावर लिहीत आहेत. माणूस डॉक्टरकडे जातो तो डॉक्टर आपलं भलं बघणार या भरवशावर. तोच डॉक्टर, तीच खोली, तोच पांढरा कोट. तिथे निर्णय नशिबावर सोडलाय हे कानाला कळलं तरी मनाला पटत नाही. मी त्यांना सरळ सांगितलं, ‘‘सर, तुम्हाला काय मिळणार ते डॉक्टर ठरवणार नाहीत, त्यांना ते कळणारही नाही.’’ ते बराच वेळ गप्प राहिले. सही दुसऱ्या दिवशी केली. मला ती उशिराची सही जास्त भरवशाची वाटली.

काहींना सहीच करता यायची नाही. हातात पेन धरवत नाही, आवाज फुटत नाही, पण डोक्यात सगळं लख्ख. अशा वेळी ट्रायलशी संबंध नसलेला एक साक्षीदार बसवायचा आणि अक्षरांच्या तक्त्यावर नजरेने एकेक अक्षर दाखवत रुग्ण काय म्हणतो ते टिपायचं. नातेवाईक मधेच म्हणायचे, ‘‘अहो, त्यांची हरकत नाही, आम्ही सांगतो ना.’’ त्यांना थांबवणं अवघड जायचं, कारण त्यांच्या बोलण्यात प्रेमच असायचं.

यानंतर रँडमायझेशन, म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे नशिबावर सोडून ठरवणं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे लबाडी होत असेल तर ती पैशांपायी. माझा अनुभव वेगळा आहे. या टप्प्यावर सगळ्यात जास्त दबाव येतो तो दयेचा.

आमच्याकडे एक तरुण बाई आली, पदरात दोन लहान मुलं. प्रवेशासाठी फुप्फुसांची क्षमता अपेक्षित प्रमाणाच्या किमान ६० टक्के हवी होती. तिची थोडी कमी भरली. नळीत तीनदा फुंकायचं आणि सर्वांत चांगली नोंद धरायची, असं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, स्पष्ट होतं. तिच्या तिन्ही फुंकरा झाल्या होत्या. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, ‘‘अजून एकदा फुंकायला लाव. थकली असेल बिचारी.’’ मोजमाप पुन्हा पुन्हा केलं तर केव्हातरी आकडा वर जाणारच, ती निव्वळ चढउताराची करामत. पण असा वर ढकललेला रुग्ण पुढच्या मोजणीत आपसूक खाली येतो, आणि ती घसरण औषधाच्या किंवा प्लॅसिबोच्या खात्यावर पडते. शिवाय ती ६० टक्क्यांची अट तिच्या सुरक्षेसाठीच होती. मुख्य संशोधकांनी नकार दिला. तो निरोप तिला मी सांगितला. तिच्या नवऱ्याने विचारलं, ‘‘दोन टक्क्यांनी काय होतं?’’ त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं चुकीचं नव्हतंच.

त्याच डॉक्टरांनी दुसऱ्या एका रुग्णाच्या वेळी मला हळूच विचारलं होतं, ‘‘पुढचा नंबर औषधाचा आहे की कसला? याला जरा बघून घालूया.’’ मला माहीत नव्हतं आणि कळायची सोयही नव्हती. वाटणीची यादी दूर कुठेतरी सर्व्हरवर होती. रुग्णाची पात्रता पक्की करून नोंदवल्यावरच संगणक एक बाटली क्रमांक द्यायचा. त्या क्षणी मला या व्यवस्थेचे आभार मानावेसे वाटले, कारण ‘‘सांगणार नाही’’ म्हणण्यापेक्षा ‘‘मला माहीतच नाही’’ म्हणणं फार सोपं.

दयाळू लोक वाटणीत हात घालतात तेव्हा काय होतं, याचं उत्तम उदाहरण औषधाचं नाहीच, दुधाचं आहे. १९३० मध्ये स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरच्या शाळांत २०,००० मुलांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज दूध द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि वजन-उंचीत फरक पडतो का बघायचं. मुलांची निवड चिठ्ठीने किंवा आडनावाच्या क्रमाने होती, पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा अशक्त मुलांचा भरणा झालाय असं वाटलं तर अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांनी, कदाचित नकळत, गरीब आणि हडकुळी मुलं दुधाकडे वळवली. परिणामी, दूध न मिळालेला गट सुरुवातीलाच वजनाने आणि उंचीने सरस होता. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९३१ मध्ये या प्रयोगाची चिरफाड केली. त्या शिक्षकांना मी दोष देऊ शकत नाही. समोर उपाशी मूल असताना यादी पाळणं कोणाला जमेल? म्हणूनच यादी त्यांच्या हातात नको होती.

१९४८ मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध ट्रायलमध्ये संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णाचा गट आत लिहिलेली बंद पाकिटं वापरली ती याचसाठी. गंमत म्हणजे, ज्या ट्रायलने आम्हाला पक्षपात टाळायला शिकवलं, तिच्यात तुलनेच्या गटातल्या रुग्णांना आपण अभ्यासाचा भाग आहोत हे सांगितलंही नव्हतं. आज असा प्रस्ताव कोणत्याही कमिटीसमोर टिकणार नाही. पाकिटांचंही पुढे काय झालं ते या क्षेत्रातल्या जुन्या लोकांना विचारावं. दिव्यासमोर धरलेली, वाफेवर उघडून पुन्हा चिकटवलेली, पुढची दोन-तीन आधीच फोडून ठेवलेली. केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २५० ट्रायल तपासल्या. जिथे वाटणी नीट लपवलेली नव्हती, तिथे उपचाराचा परिणाम सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला दिसला. म्हणजे औषध जेमतेम असेल तरी झकास वाटावं एवढी हवा.

ट्रायल सुरू झाली आणि प्रत्येक भेटीत तो प्रश्न यायचा: ‘‘ताई, मला खरी गोळी मिळतेय ना?’’ मी म्हणायचे, ‘‘काका, मलाही ठाऊक नाही.’’ कोणीही विश्वास ठेवायचं नाही.

लोक आपापल्या परीने शोध घ्यायचे. गोळी फोडून चव बघणं हा सर्वांत लोकप्रिय मार्ग. यात नवं काही नाही. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सर्दीवरच्या क जीवनसत्त्वाच्या एका ट्रायलमध्ये सहभागी होते ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचेच कर्मचारी, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी कॅप्सूल उघडून चाखून बघितल्या. फायदा दिसला तो मुख्यतः आपल्याला काय मिळतंय हे ओळखलेल्यांमध्ये. आमच्या औषधाने काहींचं पोट बिघडायचं, तेव्हा जुलाब झालेला रुग्ण खूश होऊन यायचा! दुष्परिणामाचा एवढा आनंद मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. उलट पोट ठणठणीत असलेला माणूस खट्टू, आणि दोघांच्याही उत्तरांत तो मूड उतरायचा.

एएलएसमध्ये प्रगती मोजायची पट्टी बरीचशी उत्तरांवरच उभी असते. बारा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. बोलणं कसं आहे, जिने चढता येतात का, अंथरुणात कूस बदलता येते का. ‘मदतीशिवाय, पण हळूहळू’ आणि ‘थोडी मदत लागते’ यांत एका गुणाचा फरक, आणि अशा एकेका गुणावर औषध तरतं किंवा बुडतं. म्हणून आमच्याकडे गुण देणारी व्यक्ती वेगळी होती. दुष्परिणामांची वही तिला बघायची नाही, जुलाबाचा विषय तिच्यासमोर काढायचा नाही, प्रश्न लिहून दिलेल्या शब्दांतच विचारायचे. मी रुग्णांना तिच्या खोलीच्या दारात बजावायचे, ‘‘आत गोळ्यांबद्दल काही बोलू नका.’’ काही जण दार उघडताच सांगून टाकायचे. मग तेही लिहून ठेवायचं.

एकदा एका बाईंनी जाता जाता सांगितलं, की त्या लिथियमही घेतात. ‘‘लिहू नका हं, मला काढून टाकतील.’’ लिथियमचा मोह कुठून आला ते मला माहीत होतं. २००८ मध्ये इटलीतला एक छोटा अभ्यास आला होता, एकूण ४४ रुग्ण, त्यांतले १६ लिथियमवर, आणि त्या सोळांपैकी कोणी दगावलं नाही असा दावा. बातमी पसरली आणि जगभर रुग्णांनी आपणहून लिथियम सुरू केलं. नंतर रीतसर आंधळ्या, म्हणजे कोणाला काय मिळतंय ते लपवलेल्या, ट्रायल झाल्या, त्यांत काहीच फायदा दिसला नाही. मी बाईंना म्हटलं, ‘‘मावशी, मला लिहावंच लागेल. दोन औषधं एकमेकांशी भांडली तर तुमच्या जिवावर बेतेल. लिहायच्या आधी तुम्हाला सांगतेय.’’ त्या रडल्या. पुढे रक्ततपासणी झाली, लिथियम बंद झालं, त्यांना काढलं नाही. पण त्यानंतर त्या माझ्याशी मोजकंच बोलायच्या, आणि आणखी काही घेत असतील तर ते मला कळलं नसेल, हे मी गृहीत धरून होते.

सगळ्यात अवघड गाठ गळतीची. संमतीपत्रात आम्ही वचन दिलेलं असतं: कधीही, कारण न सांगता बाहेर पडा. आणि बाहेर पडतात कोण? ज्यांची तब्येत वेगाने ढासळतेय ते. खुर्चीतून उतरवत नाही, प्रवास झेपत नाही. फक्त येत राहिलेल्यांचाच हिशेब केला तर औषधाने सगळे टिकून आहेत असं दिसेल, कारण जे टिकले नाहीत ते मोजलेच गेले नाहीत. म्हणून नियम असा की ज्याला ज्या गटात टाकलं, त्याचा हिशेब त्याच गटात, गोळी घेवो न घेवो. पण हिशेबासाठी माहिती हवी, आणि माहितीसाठी, ‘‘पुरे आता’’ म्हणालेल्या माणसाला पुन्हा फोन.

याची नियमावलीत चौकट आहे. गोळी थांबवणं आणि संपर्क थांबवणं या वेगळ्या गोष्टी, दोन्ही वेगवेगळ्या विचारायच्या. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात त्या शिक्षकांच्या पत्नीने फोनवर सांगितलं, ‘‘आता नाही जमत येणं.’’ मी विचारलं, ‘‘येऊ नका. फोनवर बारा प्रश्न विचारले तर चालेल?’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्यांना विचारते.’’ फोन बाजूला ठेवल्याचा आवाज, मग त्यांचा घोगरा होकार. पुढचे दोन्ही फोन मी केले. दुसऱ्या एका घरी मुलाने स्पष्ट सांगितलं, पुन्हा फोन करू नका. मी केला नाही. मॉनिटरने त्या रिकाम्या रकान्याबद्दल विचारलं तेव्हा मी मुलाचं वाक्य जसंच्या तसं नोंदवलेलं दाखवलं. तो रकाना रिकामा राहिल्याने निकाल किंचित लंगडा झाला असेल. होऊ दे.

दरम्यान, दोन्ही गटांचे आकडे उघडे बघायची मुभा फक्त एका स्वतंत्र समितीला होती. तिच्या बैठकीनंतर आम्हाला एक ओळ यायची: ‘बदल न करता चालू ठेवावे.’ त्या ओळीतून आमचे डॉक्टर काय काय अर्थ काढायचे! औषध चालत असेल, नाहीतर थांबवलं नसतं का? थांबवलं नाही म्हणजे तेवढं चालत नसेल? मला अशा वेळी कॅस्ट ट्रायल आठवायची. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जादा ठोके दाबणारी औषधं द्यावीत हे त्या काळी इतकं पटलेलं होतं की त्यांची प्लॅसिबोशी तुलना करणंच काहींना अनैतिक वाटत होतं. १९८९ मध्ये समितीने आकडे उघडले, तर एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त. ती औषधं तोवर ओपीडीत सर्रास दिली जात होती.

आमचा निकाल आला: मुख्य मोजमापात फरक नाही. सभेत बराच वेळ कोणी बोललं नाही, मग एकाने स्लाइड लावली. आजार वेगाने वाढणारे, वय कमी, अमुक ठिकाणी लक्षणं सुरू झालेले, एवढेच रुग्ण घेतले तर रेघा जरा वेगळ्या होतात. खोलीत एकदम जीव आला. आमच्या संख्याशास्त्रज्ञ मॅडमनी शांतपणे आयसिस-२ चं नाव काढलं. १९८८ ची ती ट्रायल, सतरा हजारांवर रुग्ण, झटक्यानंतर ॲस्पिरिनचा निर्विवाद फायदा. निकाल छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनी उपगटांचे आकडे मागितले तेव्हा संशोधकांनी राशींचेही दिले. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिन लागू पडत नाही असं दिसलं! पुरेशा फोडी केल्या की कुठेतरी काहीतरी सापडतंच. आमचं विश्लेषण कसं करायचं ते आकडे उघडण्याआधीच लिहून नोंदणीत बंद केलं होतं, त्यात ही फोड नव्हती. स्लाइड परिशिष्टात गेली, ‘नंतर सुचलेलं’ अशा स्पष्ट शिक्क्यासह.

आणि निकाल छापला गेला, हे मला महत्त्वाचं वाटतं. २००८ मध्ये एरिक टर्नर यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ ट्रायल शोधून काढल्या. प्रशासनाने अनुकूल ठरवलेल्या ३८ पैकी ३७ छापल्या गेल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ अनुकूल वाटाव्यात अशा छापल्या, आणि सरळपणे प्रतिकूल म्हणून छापल्या फक्त ३. माझ्या मते इतर सगळ्या पक्षपातांपेक्षा हा वाईट. बाकीचे निदान दयेतून किंवा आशेतून येतात. इथे मात्र लोकांनी नजरेने एकेक अक्षर दाखवून दिलेली संमती कपाटात बंद होते.

निकालानंतर घरच्यांचे फोन येऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘‘ते कुठल्या गटात होते?’’ हयात रुग्णांना कळवायची तरतूद होती. वारलेल्यांच्या घरी कळवायचं की नाही, यावर प्रोटोकॉल गप्प होता. शिक्षकांच्या पत्नीला मी म्हटलं, परवानगी मिळेपर्यंत सांगता येणार नाही. कमिटीकडे पत्र गेलं, तिथे वाद झाला. एकाचं म्हणणं, ही रुग्णाची खाजगी माहिती, त्याने कुठे सांगितलंय की बायकोला कळवा? दुसऱ्याचं म्हणणं, फोनवरचे बारा प्रश्न बायकोकडून घेताना खाजगीपणा आठवला नव्हता का? अखेर मागेल त्या कुटुंबाला कळवायची परवानगी मिळाली. मी त्यांना फोन केला. ते औषधाच्या गटात होते.

‘‘म्हणजे मिळत होतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि तरीही.’’

आता पुढच्या ट्रायलचं संमतीपत्र माझ्या टेबलावर आहे. त्यात मी एक रकाना घालून घेतलाय: माझ्या पश्चात माझा गट कोणाला कळवावा. कमिटीने एक शंका काढून ते परत पाठवलंय. रुग्णाने तिथे ‘कोणालाही नाही’ असं लिहिलं आणि घरच्यांनी विचारलं, तर फोनवर काय सांगायचं, त्याचा मजकूर सोबत जोडा म्हणून.